पाहुणे आहेत, उद्या-परवा जातील

श्यामसुंदर खांबेट्यांचा छापील अक्षरावर फार भरवसा. माणसांवर म्हणाल तर तेवढा नाही. माणूस आज एक बोलतो, उद्या दुसरं, आणि परवा 'मी असं म्हणालोच नव्हतो' म्हणून मोकळा होतो. कागदाला ती सोय नाही, असं ते म्हणत. डॉक्टरांनी पथ्य सांगितलं की हे म्हणणार, "लिहून द्या." कुठे 'फाटक लावून घ्यावे' अशी पाटी दिसली, की आत गुरं शिरण्याचा काडीइतका संभव नसला तरी खांबेटे मागे वळून फाटक लावणार, आणि मागून येणारा लावतो की नाही तेही उभं राहून बघणार.

हा स्वभाव जन्माचा की नोकरीनं लागलेला, ते सांगणं अवघड. भोसरीकडच्या एका कारखान्यात ते टाइमकीपर होते. गेटाशेजारच्या काचेच्या खोलीत बसायचं, येणाऱ्या कामगाराचं कार्ड बघायचं, उशीर झाला असेल तर तांबडी खूण करायची. उभा जन्म त्यांनी तांबड्या खुणा केल्या. सख्ख्या मेव्हण्याचासुद्धा एकदा अर्धा दिवस कापला. त्या मेव्हण्यानं पुढच्या दिवाळीला या घरचा लाडू तोंडात घातला नाही. बायको, नीरजाबाई, म्हणाल्या, "अहो, एखाद्या वेळी डोळे मिटले असते तर काय आकाश कोसळलं असतं?" खांबेटे म्हणाले, "डोळे मिटायचा पगार निराळा असतो. तो मला मिळत नाही." आता अशा माणसाशी वाद कोण घालणार?

त्याच गेटातून महिपती आत यायचा. वाशीमकडच्या खेड्यातून पोटासाठी पुण्यात आलेला फिटर, अंगानं दणकट, बोलायला तोलून-मापून. एका सकाळी तो चांगलाच उशिरा आला. असं झालं की इतर लोक काचेशी येऊन बस चुकल्याचं सांगत, पोराचा ताप सांगत, गयावया करत. महिपती म्हणाला, "मारा खूण, सायेब. उशीर झाला थो झाला." खांबेट्यांनी खूण मारली. संध्याकाळी त्यांना दुसऱ्याच कुणाकडून कळलं, की रस्त्यात पडलेल्या एका स्कूटरवाल्याला उचलून हा दवाखान्यात घेऊन गेला होता. दुसऱ्या दिवशी खांबेटे काचेबाहेर आले. ते कधी येत नसत.

"महिपतराव, कारण सांगायचं होतंत."

"सांगतलं असतं तं घड्याळ मागं गेलं असतं काय?"

हे उत्तर खांबेट्यांना इतकं आवडलं, की त्यांनी स्वतःच्या पैशानं महिपतीला चहा पाजला. जेवणाच्या सुट्टीपर्यंत ही बातमी सगळ्या कारखान्यात पसरली होती आणि निम्म्या लोकांनी ती खोटी ठरवली होती.

तिथून जे सूत जमलं ते जमलंच. दोघं निवृत्त झाले. खांबेट्यांनी शनिवार पेठेतल्या भाड्याच्या खोल्या सोडून धायरीला फ्लॅट घेतला. पेठेतले शेजारी म्हणाले, "बरं केलंत. गावाकडे हवा चांगली असते." महिपतीची बायको गोदाबाई गावाकडेच तरुणपणी वारली होती, मूलबाळ नव्हतं, तो विश्रांतवाडीला भाच्याकडे राहायचा. पुढे नीरजाबाई गेल्या. मुलगी ऋचा बडोद्याला, तिच्या संसारात. आणि खांबेट्यांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. ऋचा चार दिवस राहून गेली. मग प्रश्न उरला, डोळ्यात थेंब कोणी घालायचे? स्वतःच्या डोळ्यात स्वतः घालायला गेले तर गालावर, कानात, उशीवर, सगळीकडे पडत, डोळा कोरडाच.

महिपती पिशवी घेऊन आला. "हप्ताभर थांबतो," म्हणाला.

तो हप्ता संपला तेव्हा दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. ते झालं तोवर पावसाळा आला. पावसात म्हाताऱ्या माणसानं दोन बस बदलून कशाला जायचं? मग दिवाळी आली. राहा, असं कोणी म्हणालं नाही. जातो, असंही कोणी म्हणालं नाही. असं करता करता पाच वर्षं होत आली. भाड्याचा रुपया कधी मध्ये आला नाही. मंडईची पिशवी महिपतीची, किराणा खांबेट्यांचा. सकाळी वरण-भात यांच्या पद्धतीचा, रात्री भाकरी आणि ठेचा महिपतीच्या पद्धतीचा, आणि ठेचा खाऊन खांबेट्यांना ठसका लागला की महिपती म्हणायचा, "पुण्याची जीभ बोलाले तिखट, खाले काहून गोडी लागते?"

सकाळचा पेपर महिपती मोठ्यानं वाचायचा आणि खांबेटे डोळे मिटून त्यातल्या चुका काढायचे. बातमीतल्या नव्हे, महिपतीच्या.

"पानी नाही हो. पाणी. ण, ण."

"पानी म्हनलं तं ओलं नसते काय ते?"

हे रोजचं. यातली मजा अशी, की महिपतीला ण नीट म्हणता येत होता. खांबेट्यांनाही ते ठाऊक होतं. पण तो म्हणायचा नाही, आणि हे टोकायचं सोडायचे नाहीत. या राहण्याला नाव काय द्यायचं, हे कोणी कधी विचारलं नव्हतं, त्यामुळे काही अडत नव्हतं.

अडलं ते गेल्या वर्षी. झालं असं, की मालक स्वतः राहत असेल तर त्या घराला मिळकतकरात सवलत मिळते. घर भाड्यानं दिलं असेल तर मिळत नाही. साधी गोष्ट. पण साधी गोष्ट साधी ठेवली तर कार्यालयं कशाला हवीत? कर घेणाऱ्या एका खिडकीवरून, कुठल्या ते मी सांगत नाही, एक माहितीपत्रक निघालं आणि सोसायटीच्या बोर्डावर येऊन चिकटलं. सवलतीसाठी घरोघर तपासणी होणार, असं त्यात होतं. आणि खाली ठळक अक्षरांत एक वाक्य: 'मिळकतीत मालक व त्याचे रक्ताचे नातेवाईक यांव्यतिरिक्त अन्य व्यक्ती वास्तव्यास आढळल्यास सदर मिळकत स्ववापरात नाही असे गृहीत धरून सवलत मागील फरकासह रद्द करण्यात येईल.'

दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, "लिहितात काहीतरी," आणि जिना चढून गेला असता. खांबेटे बोर्डासमोर उभे राहिले. चष्मा पुसून वाचलं. मग थेट त्या खिडकीवर गेले.

"समजा," ते आतल्या माणसाला म्हणाले, "एखाद्याकडे एखादा माणूस राहतो. भाडेकरू नाही. नातेवाईकही नाही."

"पत्रकात लिहिलंय."

"ते वाचलं. पण भाडं घेतच नसेल तर?"

"आजोबा, लिहिलंय त्यात. वाचता येतं ना?"

हेच वाक्य खांबेट्यांनी काचेआडून जन्मभर लोकांना ऐकवलं होतं. दुसऱ्याच्या तोंडून ते इतकं कडू लागेल असं त्यांना वाटलं नव्हतं. पण कडू लागलं तरी पटलं. लिहिलंय म्हटल्यावर पुढे काय बोलणार?

पैशाचा प्रश्न होता, नाही असं नाही. सवलत गेली असती तर बिल जड झालं असतं. पण भरता आलं असतं. ऋचाकडे मागावं लागलं नसतं. त्यांना खुपत होतं ते निराळंच. इतकी वर्षं आपण सवलत घेत राहिलो आणि नियमाप्रमाणे ती आपली नव्हतीच, म्हणजे आपल्याच कार्डावर तांबडी खूण. ज्या माणसानं मेव्हण्याला सोडलं नाही, त्याच्या कार्डावर! या विचारानं त्यांचं जेवण उडालं. आणि ही गोष्ट ज्या एका माणसाशी बोलून मन हलकं झालं असतं, त्याच्याशीच ती बोलता येईना. महिपती विचारायचा, "सायेब, भाकर काहून ठेवली?" हे म्हणायचे, "पोट जड आहे."

तपासणीला एक तरुण मुलगी आली. गळ्यात ओळखपत्र, हातात मोबाइल, घामानं डबडबलेली. अपेक्षा तिचं नाव. महिपतीनं पाणी दिलं. त्याचं एक वाक्य ऐकून ती हसली.

"काका, तुम्ही कुठले?"

"वाशीमकडचा."

"मी कारंज्याची!" तिचा चेहरा एकदम खुलला. "किती दिवसांनी ऐकलं हो असं बोलणं."

"बस बेटा, चहा टाकतो," म्हणून महिपती स्वयंपाकघरात गेला. अपेक्षा मोबाइलमध्ये बोट घालत खांबेट्यांना विचारू लागली. मालक कोण, बांधकाम कधीचं, वरती काही वाढवलंय का. आणि मग, "घरात राहतात कोण-कोण?"

"मी. मालक."

"आणि हे काका?"

खांबेट्यांच्या डोळ्यांपुढे ते ठळक वाक्य आलं. 'अन्य व्यक्ती.' ते म्हणाले, "ते पाहुणे आहेत."

आता हे खोटं म्हणायचं का? त्यांनी तेवढ्यात मनाशी हिशेबही केला. डोळ्यात थेंब घालायला आले तेव्हा महिपतराव पाहुणेच म्हणून आले होते. त्यानंतर 'आजपासून तुम्ही पाहुणे नाही' असं कोणी म्हणालंय का? नाही. मग नोंद आहे तशीच चालू आहे. टाइम ऑफिसात बसलेला माणूस असा विचार करू शकतो, तुम्हीआम्ही नाही करू शकणार. आणि मनात हेतू वाईट नव्हता हो. पाहुणे म्हटलं की सवलतही राहील आणि महिपतरावही राहतील, एवढंच त्यांना साधायचं होतं. पण त्या मुलीचं बोट मोबाइलवर तसंच थांबलं. "पाहुणे म्हणजे... बरेच दिवस असतात का?"

"नाही, नाही. उद्या-परवा जातील."

स्वयंपाकघर म्हणजे काही लांब नव्हतं. हॉल आणि ते यांच्यामध्ये दारसुद्धा नव्हतं.

महिपती चहा घेऊन आला. त्याचा चेहरा होता तसाच होता. अपेक्षाला म्हणाला, "साखर जादा झाली असन तं सांग बेटा." खांबेट्यांच्या पुढे कप ठेवला, त्यांचा नेहमीचा, कान तुटका. ती मुलगी गेली. संध्याकाळपर्यंत खांबेट्यांना दोनदा वाटलं बोलावं. पण काय बोलणार? त्यांना वाटलं, कदाचित ऐकलंच नसेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी महिपतीनं पेपर वाचला. धरणातल्या पाण्याची बातमी होती. तो म्हणाला, "पाणीसाठा." ण स्वच्छ. मग पुन्हा, "पिण्याचे पाणी." खांबेट्यांनी डोळे उघडले. टोकायला काही उरलंच नव्हतं. ऐकलंय, हे त्यांना तेव्हा कळलं.

पेपर घडी करून ठेवल्यावर महिपती आत गेला आणि पिशवी भरून बाहेर आला.

"निघतो, सायेब."

"कुठे?"

"भाच्याकडं. विश्रांतवाडीले."

"अहो, ते मी... ते त्या मुलीपुढे म्हणावं लागलं. बोर्डावर पत्रक लागलंय, त्यात..."

"वाचलं म्या थे. लागलं त्याच दिवशी वाचलं. मले वाटलं तुमी बोलसान." महिपती पायात चपला घालत होता. "तुमी सरकारी मानसापुढं शब्द देला, उद्या-परवा जातीन म्हनून. तुमचा शब्द खोटा नाई पडला पायजे. जन्मात कधी पडला नाई."

खरं तर इथे म्हणायचं होतं, खड्ड्यात गेला तो शब्द, बसा खाली. मी असतो तर म्हणालो असतो. तुम्हीही म्हणाला असता. खांबेटे काय म्हणाले? ते म्हणाले, "तपासणीचं एवढं आटपलं की या परत. महिनाभरात आटपेल."

महिपतीनं त्यांच्याकडे बघितलं. "पाहू," म्हणाला, आणि जाताना मुख्य दार नीट ओढून घेतलं.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते खांबेट्यांनी कोणाला सांगितलं नाही, पण ते फार वाईट गेले. बायको गेली तेव्हा रडायला परवानगी होती. लोक भेटायला येत होते, डबे आणत होते. महिपती गेल्याचं कोण समाचाराला येणार? पेपर दाराशी येऊन पडायचा आणि घडी न मोडता रद्दीत जायचा. मंडईत गेले तर भाव करता येईना, कारण इतकी वर्षं केलाच नव्हता. ऋचाचा फोन आला की ती विचारायची, "काका काय म्हणतायत?" हे म्हणायचे, "बरे आहेत." एकदा ती म्हणाली, "द्या त्यांना," तर म्हणाले, "बाहेर गेलेत." पहिलं खोटं बोलायला सत्तर वर्षं लागली, पण पुढची भराभर येत होती, आणि त्यांना स्वतःची शिसारी येत होती.

महिना झाला. महिपती आला नाही. फोन केला तर "बरा हाय, सायेब," एवढंच.

मग एके दिवशी खांबेटे सवलतीची पोच घ्यायला त्या खिडकीवर गेले. भिंतीवर नवा कागद लागला होता. मथळा: 'शुद्धिपत्रक.' आधीच्या पत्रकातलं ते ठळक वाक्य अनवधानानं छापलं गेलं होतं म्हणे. मूळ नियमात तसं काही नाही, घर भाड्यानं दिलेलं नसलं की झालं. खांबेट्यांनी ते उभ्या उभ्या पुन्हा पुन्हा वाचलं. तेवढ्यात अपेक्षा तिथे आली. तिनं ओळखलं.

"काका, वाशीमचे पाहुणे गेले का हो?"

"गेले," खांबेटे म्हणाले. "हे... हे जे चुकलं होतं, ते तुम्हाला ठाऊक होतं?"

"आम्हाला तपासणीच्या आधीच तोंडी सांगितलं होतं, की तेवढं भाडेकरूंचं बघा. बाकी कोण राहतं त्याच्याशी काही घेणं नाही. मी तर त्या काकांचं नाव राहणाऱ्यांत घालणार होते. तुम्हीच म्हणालात ना, पाहुणे आहेत म्हणून." तिनं हे अगदी सहज सांगितलं, आणि कोणीतरी हाक मारली म्हणून निघून गेली.

तुम्हाला वाटेल, खांबेटे तिथे खचले असतील. छे. ते खूश झाले! खरंच झाले. नियम आपल्या बाजूचा आहे, महिपतराव राहिले तरी चालतात, कागदावर तसं छापून आलंय, आता अडलं काय? समेटाला जाताना माणूस पेढे नेतो, फळं नेतो. या गृहस्थानं शेजारच्या दुकानात शुद्धिपत्रकाची झेरॉक्स काढली, घडी करून खिशात घातली आणि धायरीहून स्वारगेटची बस धरली. स्वारगेटला उतरून विश्रांतवाडीची धरली. वाटेत दोनदा खिसा चाचपून बघितला.

भाचा संपत कामावर गेला होता. खोली एकच, तिच्यापुढे अरुंद ओसरी. ओसरीत महिपतीची वळकटी भिंतीला टेकून ठेवलेली. भाचेसून रुपालीनं सतरंजी टाकली, पण तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. ती सारखी वरच्या मजल्याकडे बघत होती. वर घरमालकीण कांताबाई राहायची. मामा परत राहायला आले तेव्हाच तिनं तोंड सोडलं होतं, की माणसं वाढवाल तर पाण्याचे पैसे वाढवीन, नाहीतर खोली सोडा.

खांबेट्यांनी खिशातून कागद काढला, उलगडला, चष्मा लावला आणि शुद्धिपत्रक पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्यानं वाचलं. मग चष्मा काढून म्हणाले, "तेव्हा असं आहे. त्यांचीच चूक होती. तुम्ही राहायला काहीच हरकत नाही. चला."

महिपतीनं कागद हातात घेतला, बघितला, परत दिला.

"आन् हा कागद चुकीचा नसता तं, सायेब?"

"म्हणजे?"

"पयलाच खरा असता तं. तं तुमी आले असते काय आज?"

खांबेट्यांना हा प्रश्न पडलाच नव्हता. सगळ्या वाटेत एकदाही पडला नव्हता. त्यांनी बाजूला बघितलं. 'आलो असतो' असं म्हणायला किती लागतं? दोन शब्द. कोणीही म्हणालं असतं, आणि काम झालं असतं. पण समोर जो माणूस बसला होता, त्याच्यापुढे खोटी खूण मारण्याची त्यांची छाती झाली नाही.

"नाही," ते म्हणाले. "नसतो आलो."

रुपालीनं चहाचे कप आणले होते ते हातातच धरून ती उभी राहिली. महिपतीनं मान हलवली. रागावला नाही. रागावला असता तर खांबेट्यांना बरं वाटलं असतं.

"खरं बोलले," तो म्हणाला. "मंग मी इथंच बरा, सायेब. घर लहान हाय, पोरं गरीब हायेत. पन कोनी इचारलं तं हे म्हनतेत, आमचे मामा. आधी कागद पाहा लागत नाई त्याइले."

खांबेट्यांना जे लागलं ते वर्मी लागलं. त्यांनी शुद्धिपत्रकाची घडी केली आणि खिशात घातली. तेवढ्यात जिन्यावर चपला वाजल्या आणि कांताबाई खाली आली.

"हे आनि कोन?" तिनं रुपालीला विचारलं. "रुपाले, मी काय धर्मशाळा काढली व्हय? एक म्हातारा हाय, त्यात दुसरा?"

रुपालीचा चेहरा पडला. खांबेट्यांनी तोंड उघडलं. खरं ते सांगायचं, की मी भेटायला आलोय, आत्ता निघतोय. पण त्यांच्या आधी महिपती बोलला.

"आमच्या घरचे हायेत, कांताबाई."

"घरचे? कदी पाह्यले न्हाईत ते."

"धायरीले असतेत."

"आन् किती दिस ऱ्हानार हायेत?"

"थे मी नाई इचारत. राहतीन, त्याइच्या मनाले यीन तवरक."

"पान्याचे पैसे वाढतील, सांगून ठिवते."

"वाढवा," महिपती म्हणाला.

कांताबाई पुटपुटत वर गेली. रुपालीनं कप खाली ठेवले. खांबेटे तसेच बसून होते, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. ऑपरेशन झालेल्या डोळ्यांतून तसंही येतं, पण हे ते नव्हतं. एवढंच तर होतं. एवढंच त्या दिवशी त्या मुलीपुढे म्हणायचं होतं. घरचे आहेत. त्याला कोणता नियम लागत होता? आणि या माणसाला आत्ताच, तोंडावर सांगितलं होतं आपण, की मी नसतो आलो. त्यानं ते ऐकलं, आणि तरीही विचार करायला क्षणभर थांबला नाही.

डोळे पुसून खांबेटे म्हणाले, "महिपतराव, 'चला' असं मला आता म्हणवत नाही. उद्या पुन्हा एखादा कागद येईल. खरा येईल. तेव्हा मी काय बोलेन, ते मला सांगता येत नाही. तुमच्यासारखं पटकन येईल की नाही तोंडात, कोण जाणे. माझाच माझ्यावर भरवसा नाही."

महिपतीनं चहा संपवला, कप रुपालीच्या हातात दिला.

"मले हाय," तो म्हणाला, आणि पिशवी भरायला उठला.